निरोप पोचला होता

दुपारी तीनच्या सुमाराला ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कुमुद सोनवणे टेबलावर डोकं टेकते. झोपावं म्हणून नाही. एकवीस दिवस झाले, तिला नीट झोप अशी लागलेलीच नाही. पंखा कुरकुरतोय, बाहेर नळावर कोणीतरी हंडा विसळतंय, आणि तो आवाज हळूहळू लांब जातोय. ग्रामसेवक इंगळे मघाशीच सांगून गेलेत, उद्याच्या ग्रामसभेत एकच विषय निघणार: गावात दवंडी पुन्हा सुरू करायची की नाही.

नांदरखेड्यातली दवंडी बंद केली ती कुमुदनेच, सरपंच झाल्यावर पहिल्या वर्षी. पिढ्यान्‌पिढ्या ते काम ओढ्याकाठच्या वस्तीतल्या बिऱ्हाडे घराण्याकडे होतं. एका जातीच्या गळ्यात बांधलेलं काम आपल्या गावात नको, असं ती भर सभेत बोलली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला.

यंदा श्रावणात धरणाचं पाणी सोडणार असल्याचा निरोप दुपारी एकला आला. तिने तो लगेच ग्रुपवर टाकला. निळ्या खुणा उमटताना पाहिल्या आणि निर्धास्त झाली. चारला पाणी वस्तीत शिरलं. सगळे बाहेर पडले. राहिले ते सुकदेव बिऱ्हाडे, वय शहात्तर, घरात एकटे, जेवून आडवे झालेले. त्यांच्याकडे फोन नव्हता. त्यांचा मुलगा मिलिंद सुरतेला यंत्रमागावर काम करतो, त्याने निरोप वाचला होता. कोणीतरी सांगितलंच असेल तात्यांना, असं त्याला वाटलं. गावातही ज्याला त्याला हेच वाटलं.

हंड्याचा आवाज थांबतो. कुमुद मान वर करते तर समोरच्या स्टुलावर सुकदेवतात्या बसलेले. धोतर कोरडं आहे. हात गुडघ्यांवर.

"चहा सांगू, तात्या?" ती विचारते. एवढंच सुचतं.

ते नको म्हणतात. मग ती बोलत सुटते. अर्धं गाव म्हणतंय, दवंडी असती तर म्हातारा वाचला असता. आता मिलिंदला सुरतेहून बोलवा, त्यांचंच काम ते. उरलेले म्हणतात, भोंगा बसवा, जग कुठं चाललंय आणि आपण डफडं वाजवत बसायचं का. ती म्हणते, मला दोन्हीकडचं पटतं आणि काहीच पटत नाही. उद्या उभी राहून काय सांगू, तेवढं सांगा.

"मिलिंदला आणू नका," तात्या म्हणतात. "माझ्या बापानं वाजवलं, मी वाजवलं. गावभर ओरडायचं आणि मग ओट्याखाली उभं राहून वरून पडेल ती भाकर झेलायची. तुम्ही बंद केलंत ना, त्या दिवशी मी घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, ताई. हलकं वाटलं."

क्षणभर तिच्या छातीवरचं ओझं उतरतं. मग दुप्पट होऊन बसतं.

"मग माझं चुकलं कुठं?"

ते उठतात. ऑफिसची भिंत होती तिथे आता गल्ली आहे. ती त्यांच्यामागून चालते. चालता चालता ते सांगतात, डफड्याकडे कोण लक्ष देतंय. कुठे पोर रडतंय, कुठे गिरणी चालू आहे. म्हणून ते प्रत्येक दारापुढे थांबायचे. बहिऱ्या गजराबाईच्या समोर जाऊन हातवारे करायचे. आतून कोणी 'हो' म्हटल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. ते काही त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"डफडं माझ्या गळ्यातनं काढलंत, बरं केलंत," ते वळून म्हणतात. "पण दारोदार जायचं काम कोणाच्या गळ्यात घातलंत?"

गल्ली आता शाळा झाली आहे, बाकं पाण्यात तरंगताहेत. बाकांमधून नुसती दारं उभी आहेत, भिंतींशिवाय, आणि प्रत्येक दाराआड फोन वाजतोय. उचलत कोणीच नाही. ती ओरडायला जाते, घशातून हवाच निघते फक्त. पाणी घोट्यापर्यंत आलंय.

शेवटचं दार साध्या फळ्यांचं, डांबर फासलेलं.

"हे कोणाचं?"

"माझंच. आत निजलोय मी."

आतून घोरणं ऐकू येतं, सावकाश, पोटभर जेवलेल्या माणसाचं. कुमुद त्यांचा हात धरायला जाते. "तुम्ही हाक मारा ना, तात्या. तुमच्या आवाजानं उठतील."

"मी झोपलोय, ताई," ते समजावल्यासारखं म्हणतात. "मी हाक कशी मारणार?"

ती तळहाताने दार थोपटते, मग मुठीने. पाणी गुडघ्याला लागतं. आता आवाज फुटतो आणि ती तो थांबवूच शकत नाही: तात्या, उठा, पाणी येतंय, तात्या, मी कुमुद, मी स्वतः आलेय सांगायला. घोरण्याची लय बदलत नाही. ती दोन्ही मुठींनी ठोकते. पाणी कमरेला लागतं. त्यांची क्षमा मागावी म्हणून ती शेजारी वळते, तर तिथे फक्त पाणी.

"मॅडम." इंगळे दारात उभे आहेत, हातात उद्याची सूचना. "कोणाला उठवत होता? बाहेरपर्यंत आवाज येत होता."

काही नाही, असं ती म्हणते. घसा बसलेला आहे. पंखा कुरकुरतोय, घड्याळात सव्वातीन झालेत. सूचनेवर सही करायला ती पेन उचलते आणि ते बोटांतून सुटतं. उजव्या हाताची बोटं पेरांवर सोलवटली आहेत, रक्त निघालंय. मधल्या पेरात लाकडाची एक काळी ढलपी घुसली आहे, नखाएवढी, डांबराचा वास असलेली.

टेबल लोखंडी आहे.