डावा पाय

काकांनी हातातल्या नकाशाची सुरळी केली आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर हाणली.

"हा पाय उचलायचा नाही. कितीदा सांगायचं?"

मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या एका बंद दुकानाचं पार्किंग. रविवारची सकाळ. गाडी काकांची, ऑटोमॅटिक. मी स्टिअरिंगवर, काका शेजारी, मागे माझी रूममेट शलाका. थांबायचं म्हटलं की माझा डावा पाय आपोआप क्लच दाबायला जायचा. क्लच नव्हताच. पाय पडायचा ब्रेकवर, सगळ्या जोरानिशी. गाडी गचकन जागच्या जागी थांबायची.

"इंडियातलं लायसन्स कसं काय मिळालं गं? तेही कोट्यातून?"

शलाका खुदकन हसली. मीही हसले. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दोन हजार तीन साल. पुण्याच्या कंपनीनं मला मिशिगनला पाठवलं होतं. काका नात्यातले नव्हेत, सगळे त्यांना काकाच म्हणायचे; आमच्याच ऑफिसात, वरच्या पदावर. अमेरिकेत वीस वर्षं. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते गाडी शिकवायचे. टेस्टला गाडी आपली आपण न्यावी लागते, तर तीही द्यायचे. ऑफिस सहा मैलांवर. बस धड नाही. मॅनेजरनं सांगितलं होतं, दोन महिन्यांत लायसन्स, नाहीतर परत.

पहिल्याच भेटीत काकांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग वडील.

"नगरपालिकेत आहेत."

"क्लार्क?"

"हो," मी म्हणाले.

खोटं. माझा बाप नगरपालिकेचा कचऱ्याचा ट्रक चालवत होता. विदर्भातलं तालुक्याचं गाव, बौद्धपुऱ्यात घर. इंजिनीअरिंगच्या पहिल्या सुट्टीत बाबांनी मला डेपोच्या मोकळ्या जागेत त्याच ट्रकवर बसवलं. क्लच इतका जड, की दाबायला सीटवरून अर्धं उठावं लागायचं. वास केसांत बसायचा, दोनदा धुतले तरी जायचा नाही. "डावा पाय इसरली का गाडी बंद पडते, बाई," बाबा म्हणायचे. पुढे आरटीओच्या साहेबानं मुद्दाम चढावर गाडी थांबवायला लावली. मी ती एक वीतही मागे न घसरू देता उचलली. पुऱ्यात लायसन्स काढणारी पहिली पोरगी मी.

असं मिळालं होतं ते लायसन्स. त्या पार्किंगमध्ये हे सांगायला माझी जीभ वळली नाही.

पहिल्या टेस्टला मी नापास झाले. सिग्नल पिवळा झाला आणि पुन्हा तोच पाय.

त्याच आठवड्यात काकांकडे जेवण होतं. वीसेक माणसं. ताटं हातात, आणि काकांनी माझा किस्सा सुरू केला. नुसता सांगितला नाही, करून दाखवला. खुर्चीत बसून डावा पाय दाणकन आपटला, डोळे फिरवले, पुढे कोसळले. लोक हसले. कुणीतरी "वन्स मोअर" म्हणालं. काकांनी पुन्हा पाय आपटला.

"काय आहे, काही गोष्टी घराण्यातच असाव्या लागतात," ते म्हणाले.

तो पाय माझ्या बापानं शिकवलेला होता. वीस माणसं त्याला हसत होती. आणि मी माझ्या बापाला क्लार्क करून बसले होते.

मी ताट खाली ठेवलं.

"काका, माझे वडील क्लार्क नाहीत. कचऱ्याचा ट्रक चालवतात. मी तुमच्याशी खोटं बोलले, ती चूक माझी. तुमच्या गाडीत मी आता बसणार नाही."

कुणी हसलं नाही. काकू म्हणाल्या, "अगं, ते गंमत करतात. मनावर नको घेऊस."

शलाका दारापर्यंत आली. "यार, पुढच्या टेस्टला दहा दिवस राहिलेत. गाडी कुठून आणणार?"

"बघते."

चालत निघाले. फुटपाथ नव्हता. कडेच्या गवतातून दीड तास. घरी पोचल्यावर पहिला फोन गावाला लावला. क्लार्कची गोष्ट सांगितली. बाबा म्हणाले, "आता सांगितलं न? झालं मंग."

दुसऱ्या दिवशी पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूल लावलं. शिकवणारी बाई पन्नाशीची, बोलायला तुटक. पहिल्या पाच मिनिटांत तिनं ओळखलं. "क्लचवर शिकलीस ना? डावा बूट काढ." मोज्यातला पाय उचलला की लगेच कळायचं. चौथ्या दिवशी तो शांत झाला. टेस्ट तिच्याच गाडीतून दिली. पास.

पुढे ऑफिसात काका बोलले नाहीत. दोन-तीन घरांची बोलावणी बंद झाली. झाली तर झाली.

आता माझी गाडी आहे. नवीन आलेल्यांना मी शिकवते, टेस्टला गाडी देते. आडनाव विचारत नाही. पण शेजारी बसलेल्यानं माझ्या वडिलांचं विचारलं, की पूर्ण सांगते. ट्रक, कचरा, बौद्धपुरा, जात. आवाज खाली न आणता. ज्याला ऐकवत नसेल, त्यानं सांगावं. मी गाडी कडेला घेते. त्यानं उतरावं.