पासिंगची चाकं

"चारही गाड्या एकाच दिवशी?" दत्तोपंतांनी मला दोनदा विचारलं आणि मी दोनदा 'हो' म्हटलं. तेव्हा ते माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या मागे दारात भेरूलाल उभा होता. माझ्या हातातल्या कागदाकडे नुसता बघत राहिला.

मी तेव्हा उज्जैनला मोटार इन्स्पेक्टर होतो. छप्पन सालचा हिवाळा. नवं मध्य प्रदेश राज्य होऊन जेमतेम महिना झाला होता. मी नोकरीला लागलो तो ग्वाल्हेर संस्थानात. मग मध्यभारत झालं आणि आता हे. खुर्ची तीच, टेबल तेच, फक्त कागदावरचं सरकार आता तिसरं होतं. नव्या सरकारचा हुकूम असा होता की टॅक्सीची सगळी परमिटं नव्याने लिहायची. त्याआधी गावातल्या सगळ्या टॅक्स्या एकाच दिवशी, वरच्या साहेबांसमोर पास करून घ्यायच्या. जी नापास होईल तिचं परमिट नव्या राज्यात येणार नाही.

पासिंग म्हणजे काय, ते सांगतो. भाड्याने चालणारी प्रत्येक गाडी वर्षातून एकदा आमच्यासमोर आणावी लागे. मी ब्रेक दाबून बघायचो. स्टिअरिंग किती सैल आहे ते हाताने हलवून बघायचो. दिवे, हॉर्न, हँडब्रेक बघायचो आणि शेवटी खाली वाकून चारही टायर. टायरवर नक्षी असते. ती झिजून टायर गोटा झाला की ब्रेक कितीही चांगला असो, ओल्या रस्त्यावर गाडी घसरणारच. सगळं ठीक असलं तर मी फॉर्मवर सही करायचो आणि गाडी वर्षभर रस्त्यावर चालायला मोकळी.

उज्जैनला तेव्हा टांग्यांचं राज्य होतं. टॅक्स्या चारच, चारही छोट्या विलायती गाड्या आणि चारही एकाच मेकच्या. सत्तेचाळीसनंतर साहेबलोक आणि जहागीरदार गाड्या विकून मोकळे झाले, त्यांतल्या या जुन्या गाड्या. दत्तोपंत संस्थानच्या मोटारखान्यातून निवृत्त झालेले. भेरूलाल भैरवगढचा, कापडावर छापकाम करणाऱ्या छीपांच्या घरातला. बापाचे लाकडी ठसे थोरल्या भावाकडे गेले आणि याच्या वाट्याला ही गाडी आली. बाकी दोघं त्यांच्याच बरोबरचे. यात्रेकरूंना महाकाल, मंगलनाथ फिरवायचं, कोणी ओंकारेश्वरला जायचं म्हटलं तर तिकडे न्यायचं, यावर चार घरं चालायची.

आणि या चारही गाड्या कधी नापास होत नसत. बसवाले तीन-तीन फेऱ्या मारायचे. या छोट्या गाड्या मात्र पहिल्याच खेपेला पास. त्यातही भेरूलालची गाडी म्हणजे नमुना होती. ओळीने सात वर्षं, एक शेरा नाही. नव्या कारकुनाला फॉर्म कसा भरायचा ते शिकवताना मी तिचा फॉर्म दाखवायचो. जुनी गाडी असली तरी मालक जीव लावणारा असला की ती कशी राहते बघा, असं वर ऐकवायचो. ते आठवलं की आजही कान गरम होतात.

तर दत्तोपंत म्हणाले, "अहो, पण त्या दिवशी पंचक आहे ना! पंचकात कोणी गाडी पास करायला नेतं काय? आत्तापर्यंत तुम्ही नेहमी सोय बघून तारीख दिली. एकाची नवमीला, दुसऱ्याची पुढच्या पंधरवड्यात. आताच ही झंझट कशाला?"

हे खरं होतं. उज्जैन म्हणजे पंचांगाचं गाव आणि मी त्यातला भाविक. माझ्या टेबलावर पासिंगच्या रजिस्टरशेजारी पंचांग असे. अमावास्या टाळायची, पंचक टाळायचं, कोणाला सोमवार हवा असेल तर सोमवार द्यायचा. चौघंही आपापला मुहूर्त सांगत आणि मी देत असे. त्यांच्या तारखा कधी एकमेकांना लागून येत नसत. यात मला श्रद्धा दिसली. दुसरं काही दिसावं, असं डोकं मी कधी लावलंच नाही.

मी त्यांचं म्हणणं साहेबांपर्यंत नेलं. तिवारी साहेब जबलपूरकडून नव्याने आलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंचक में ये लोग सवारी बैठाते हैं या नहीं?"

"बैठाते हैं, साहब."

"तो पास भी हो जाएँगे. और वह पंचांग घर ले जाइए."

पंचांग मी त्याच दिवशी घरी नेलं. मनात म्हटलं, नवा साहेब, नवा जोर. या चौघांना कसली भीती? साहेबांना चांगली गाडी कशी असते ते भेरूलालच्या गाडीवरून दाखवू.

ठरलेल्या दिवशी सकाळी चारही गाड्या ऑफिससमोरच्या मैदानात रांगेत उभ्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, बॉनेटवर झेंडूचे हार. साहेब पन्नास पावलांवर निंबाखाली टेबल टाकून बसमालकांचे कागद बघत होते. मी मुद्दाम भेरूलालची गाडी आधी घेतली. ब्रेक उत्तम. स्टिअरिंग घट्ट. दिवे, हॉर्न बरोबर. मग वाकलो. पुढचं डावं चाक नवं कोरं, नक्षीची प्रत्येक रेघ उठून दिसत होती. मागे गेलो तर मागचं चाक पार गोटा. उजवीकडचीही दोन्ही तशीच. एका टायरमधून तर आतला कापडाचा थर दिसत होता.

मी भेरूलालकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"पुढची घ्या," मी म्हटलं. पुढची दत्तोपंतांची. तिचंही पुढचं डावं चाक नवं कोरं आणि बाकीची तीन गोटा. तिसऱ्या गाडीचं तेच. चौथ्या गाडीपर्यंत गेलो खरा, पण वाकायची गरज उरली नव्हती. चार गाड्या आणि प्रत्येकीला एकच नवं चाक.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? सगळं मिळून चार नव्या टायरांचा एकच जोड होता. सात वर्षं तोच जोड या गाडीवरून त्या गाडीवर फिरत होता. मुलगी दाखवायच्या वेळी शेजारणीच्या पाटल्या मागून आणतात, तसा. एकाची तारीख झाली की चाकं काढायची आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्याला लावायची. मेक एकच असल्यामुळे चारही गाड्यांना ती बसत. आणि तारखांमध्ये अंतर ठेवायचं काम मी पंचांग उघडून स्वतः करत होतो.

दत्तोपंत जवळ आले आणि हळू आवाजात बोलू लागले. "लढाईनंतर टायर मिळत नव्हते, तुम्हाला मालूमच आहे. चौघांनी मिळून एक जोड घेतला. भेरूलालच्या घरी छापाच्या चादरीत गुंडाळून ठेवतो. दसऱ्याला पूजासुद्धा करतो. पुढे टायर मिळायला लागले, पण तोवर सवय पडून गेली होती."

"मग आज एकेक का लावलं?"

"काल पंचायत बसली. आम्ही तिघं म्हटलं, एक तरी गाडी वाचू दे. चारही चाकं भेरूलालच्या गाडीला लावा, तिचे ब्रेक सगळ्यांत चांगले. हाच ऐकेना."

भेरूलाल पहिल्यांदा बोलला. "साब, चीज़ चारों की थी. मेरी अकेली पास होती और इन तीनों के घर बैठ जाते, तो स्टैंड पे मैं किस मुँह से खड़ा रहता?"

मला राग आला होता आणि त्याच वेळी या माणसाचं कौतुकही वाटत होतं. हे दोन्ही एकदम वाटणं फार त्रासाचं असतं.

खरं सांगतो, मी डगमगलो. साहेब पन्नास पावलांवर होते, त्यांना टायर दिसत नव्हते. फॉर्म माझ्या हातात होता. 'टायर: ठीक' एवढं लिहिलं की चार घरं वाचत होती आणि माझी सात वर्षांची सहीसुद्धा वाचत होती. चौघंही माझ्या पेनाकडे बघत होते. आणि त्याच क्षणी मला आईची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात तिला ओंकारेश्वरला जायचं होतं. मी म्हटलं होतं, बसने नको, भेरूलालच्या गाडीने जा, ती कधी नापास होत नाही. घाटात पाऊस होता. सबंध रस्ता ती जप करत होती, असं तिने परत आल्यावर सांगितलं होतं.

मी भेरूलालला बाजूला घेतलं. "आई को कौन से पहियों पर ले गया था?"

तो दुखावला गेला. अगदी मनापासून म्हणाला, "साब! माँजी को तो पासिंग वाले लगा के ही ले गया था. पूछ लो पंतजी से."

"और बाकी सवारियों को?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याचे डोळे भरून आले. तोपर्यंत ही गोष्ट अशी कोणी त्याच्यासमोर ठेवलीच नव्हती. माझ्यासमोर तरी कोणी ठेवली होती? माझी आई चांगल्या चाकांवर गेली आणि सात वर्षं लोकांच्या आया माझ्या सहीवर गेल्या. सगळ्या घरी सुखरूप पोचल्या, ही महाकालाची कृपा. त्यात माझा काही वाटा नव्हता.

मी चारही फॉर्मवर 'नापास' लिहिलं, फॉर्म घेऊन निंबाखाली गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. जोडाचं सांगितलं आणि तारखांचंही.

साहेबांनी चष्मा काढला. "सात साल इन गाड़ियों को पास किसने किया?"

"मैंने, साहब."

"और पंचांग देखकर तारीखें भी आपने दीं?"

"जी."

साहेब उठले, गाड्यांपाशी गेले आणि चारही डाव्या चाकांवरून हात फिरवला. त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दिसू दिलं नाही. चौघांना म्हणाले, "परमिट एक महीना रोकता हूँ, काटता नहीं. महीने भर में जो गाड़ी चार अच्छे पहियों पर आएगी, उसका परमिट बनेगा." आणि मला म्हणाले, "आपकी सर्विस बुक में लिखना पड़ेगा." मी म्हटलं, लिहा. शेरा पडला आणि माझी बढती त्यामुळे तीन वर्षं मागे गेली. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

त्या चौघांनी मग जे केलं ते मात्र डोक्याचं काम होतं. चारही नवी चाकं त्यांनी भेरूलालच्या गाडीला लावली आणि पुढच्याच आठवड्यात ती माझ्यासमोर आणली. ती पास झाली. मग चौघं मिळून ती एकच गाडी पाळीपाळीने चालवू लागले. एकजण सकाळी, एकजण दुपारी. मिळकतीतून आधी दत्तोपंतांच्या गाडीला टायर आले, मग तिसऱ्याच्या. चौथ्याची मुदत हुकली. त्याने गाडी मोडीत काढली आणि पुढे तो भेरूलालकडेच ड्रायव्हर म्हणून राहिला. सात वर्षं चादरीत गुंडाळलेली ती चाकं अशी अखेरीस रस्ता बघून झिजली.

मीही रीत बदलली. वार्षिक पासिंग चालूच राहिलं, सरकारी नियम होता. पण अधूनमधून, तारीख न सांगता, टावर चौकात टॅक्स्या उभ्या राहत तिथे सकाळी चहा प्यायच्या निमित्ताने जाऊ लागलो. कप हातात घेऊनच वाकायचो. पहिले दोन महिने शिव्या खाल्ल्या. दत्तोपंत तर तोंडावर म्हणाले, "तुम्ही चहा घरी घेत जा ना." पुढे सवय झाली.

पुढच्या वर्षी अशाच एका सकाळी भेरूलालच्या गाडीचा एक दिवा लागेना. मी तिथेच 'नापास' लिहिलं. भेरूलाल हसला, दुपारपर्यंत दिवा नीट करून घेऊन आला आणि पास करून गेला. त्यानंतर ती गाडी दर वर्षी कशात ना कशात एकदा नापास व्हायची. कधी हॉर्न, कधी हँडब्रेकची केबल.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका नव्या इन्स्पेक्टरने मला विचारलं, जुन्या छोट्या गाडीवर भरवसा किती ठेवायचा? मी त्याला भेरूलालच्या गाडीचे सगळे फॉर्म काढून दिले. आधीचे सात स्वच्छ आणि नंतरचे लाल शेऱ्यांनी भरलेले. म्हटलं, यांतल्या कोणत्या वर्षी तू तुझ्या आईला या गाडीत बसवशील, ते मला सांग.