विहिरीत उतरलेला लाल रंग

"सायेब, फरशी उखडायची न्हाई! विलायती टाकी हाय ती. तिला काय करावं लागत न्हाई."

नरसप्पा शहाबादी फरशीवर पाय रोवून उभे होते. सोलापुरात त्यांचा मागांचा कारखाना, मागे घर, अंगणात विहीर. मी तेव्हा सॅनिटरी इन्स्पेक्टर. त्यांची लेक लक्ष्मी टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती. त्याच विहिरीचं पाणी पिणारे गल्लीतले आणखी दोघं तापानं फणफणत होते. डॉक्टरांचा संशय पाण्यावर होता. पाणी उकळून प्या, असं गल्लीत सांगून झालं होतं. पण ऐकतं कोण! आणि विहिरीपासून वीस पावलांवर, नरसप्पांच्या पायाखाली, सेप्टिक टँक होता.

त्या काळी गावात असे टँक मोजकेच. संडासातली घाण टाकीत येते, जड गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी निवळून शोषखड्ड्यात जातं. गाळातला बराचसा भाग डोळ्यांना न दिसणारे जंतू खाऊन टाकतात. बराचसा, सगळा नव्हे. उरलेला दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. कंत्राटदारानं नेमकं हेच सांगितलं नव्हतं. नरसप्पांनी झाकणावर फरशी घालून सूत वाळवायला जागा केली होती.

"शेवटची कधी उघडली?"

"बांधल्यापास्नं न्हाई. नऊ वर्सं झाली की."

मी कपाळावर हात मारला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. म्हणालो, "सूत रंगवायचा लाल रंग द्या एक बादलीभर."

"लई पक्का हाय सायेब. धुतला तरी जायाचा न्हाई."

"तसलाच हवाय."

संध्याकाळी तो रंग संडासात ओतला. त्यावर दहा बादल्या पाणी.

सकाळी उजाडताच नरसप्पांनी विहिरीतून बादली ओढली. पाणी गुलाबी!

माझ्या अंगावर काटा आला. हे मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होतो. एका रात्रीत! गाळानं भरलेल्या टाकीत पाणी थांबायला जागाच उरली नव्हती. भिंतीच्या भेगेतून, मग खडकाच्या फटीतून ते थेट विहिरीत पोचलं होतं. वर फरशी, फरशीवर सूत, कुणाला काही पत्ता नाही.

अंगणात आम्ही दोघंच होतो. "गुपचूप मिटवू," असं ते म्हणाले असते, तर खरं सांगतो, मीही कदाचित मान डोलावली असती. नरसप्पा बादली घेऊन तडक गल्लीत गेले.

"पानी पिऊ नका कुनी! माज्या टाकीची घाण हाय ही. माज्या लेकीला मीच पाजली!"

रंगाचं नवल तर होतंच, पण एवढा नावाजलेला कारखानदार सगळ्यांसमोर असं बोलतो, हे पाहून मी थक्क झालो.

मग पहार त्यांनी स्वतःच उचलली. टाकी दिवसभर उघडी ठेवून आतला वायू जाऊ दिला. गाळ कुठवर चढलाय ते पाहायला पांढरं कापड गुंडाळलेला लांब बांबू वरूनच तळापर्यंत बुडवला. बाहेर आला तेव्हा वरचं चार बोटं कापड सोडून सगळं काळंकुट्ट.

टाकी उपसली, भेग बुजवली, विहीर बंद केली. गल्लीतले दोघं बरे झाले. लक्ष्मीचा ताप मात्र तीन आठवडे हटला नाही. उतरला त्या दिवशी नरसप्पा लहान मुलासारखे रडले.

पुढं दर खंडेनवमीला, मागांची पूजा करण्याआधी, ते टाकी उघडून बांबू बुडवायचे आणि मग झाकणावर हळदकुंकू वाहायचे. एकदा त्यांनी विचारलं, "हे चालतंय न्हवं, सायेब?"

म्हटलं, "हळदकुंकू राहिलं तरी चालेल, नरसप्पा. बांबू राहता कामा नये."