चोळी-बांगडीच्या वावराचा तह

आमच्या गावाची आणि गोसाव्यांच्या मठाची लढाई माझ्या वावरावरून, म्हणजे शेतावरून, झाली आणि तहसुद्धा त्याच वावरावरून झाला. त्यात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं रक्त गेलं आणि जखमांवर दाबायला माझ्या घरची पुष्कळ हळद.

ते वावर वडिलांनी लग्नात मला चोळी-बांगडीसाठी दिलं होतं. एका अंगाला गावाची शीव, दुसऱ्या अंगाला मठाची आमराई. पुढे कुठल्याशा परमुलखात लढाई जुंपली आणि वऱ्हाडातला कापूस अमरावतीच्या बाजारात सोन्याच्या भावाने जाऊ लागला. तोवर वावराकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या मठाला एकाएकी आठवलं की ते मुळात देवाचं आहे. हे गोसावी नुसते भजन करणारे नव्हते. अंगाला राख फासून तलवारी-भाले बाळगणारे, पूर्वी कुणाकुणाच्या फौजेत लढून आलेले. आमचे मालक गावचे पाटील. त्यांनीही लाठ्या काढल्या. पावसाळाभर डोकी फुटत राहिली.

दसऱ्याच्या तोंडावर दोघेही थकले आणि मारुतीच्या देवळात तह ठरला. गोसाव्यांनी गावात हत्यार आणू नये, गावाने आमराईत गुरं सोडू नयेत, आणि माझ्या वावरात कोणीच पाय टाकू नये, तिथल्या कापसाला हात लावू नये. बेलभंडार उचलायला, म्हणजे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायला, मठातला झाडून सारा गोसावी आला आणि गावातला झाडून सारा पुरुष. मालक घरी आले ते मिशीवर हात फिरवतच.

"झाला तह. आता कोनाचंच भांडन नाई."

"आन् माहं वावर?" मी विचारलं.

"ते सोडलं. गावासाठी थोडं सोसा लागते."

सोसायचं मी आणि नाव पाटलाचं. वडिलांनी दिलेली ती एकच वस्तू माझी स्वतःची होती. फार लागलं मला. त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. त्यांनी मुकाट्याने खाल्लं, म्हणजे त्यांनाही कळत होतं.

कार्तिकात बोंडं फुटली. रोज सकाळी या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाववाले आणि त्या धुऱ्यावर गोसावी येऊन उभे राहत, समोरचा तह मोडतो की काय ते पाहायला. कापूस मातीत गळू लागला, तरी कोणी हलेना.

आमच्याकडे कापूस वेचतात बायका. पुरुष बोंडाला हात लावत नाहीत. तरी शपथ दिली ती पुरुषांना. बायकांना बेलभंडार द्यायचं ना पाटलाला सुचलं, ना महंताला. एके सकाळी मी आळीतल्या बायका घेऊन वावरात उतरले आणि ओटीत कापूस भरू लागले.

मालकांनी धुऱ्यावरून पाय उचलला, मग शपथ आठवून तसाच मागे घेतला. पलीकडून महंत गरजले, "माई, ये खेत दोनों ने छोड़ दिया है।"

"बावाजी, तुमी सोडलं, आमच्या मालकानं सोडलं. मले कोनं इचारलं?"

महंतांनी वळून आपल्या फौजेकडे पाहिलं. तलवारी होत्या, भाले होते, पण वेचायला पाठवावी अशी बाई मठात कुठून असणार? एक म्हातारा गोसावी गालात हसला आणि महंतांनी त्याला हातातला लोखंडी चिमटा दाखवला.

कापूस मी माहेराहून बोलावलेल्या, शपथेत नसलेल्या भावाबरोबर अमरावतीला नेला. मालकांना कापसाला हात लावता येत नव्हता. गाडी भरताना ते लांब उभे राहून दोरी ढिली आहे, एवढंच सांगत होते.

पुढच्या वर्षी तह नवा करायचा ठरला. देवळात जाण्याआधी मालक चुलीपाशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी आले नव्हते.

"अवं, त्या वावराचं काय बोलू?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. तरी मी त्यांना बसायला पाट दिला आणि तव्यावरची भाकर सावकाश उलटली.