ठोकळ्यात लिहिलेला संशय

आदिलाबादच्या फ्लेक्सच्या दुकानात अक्षरांच्या एका जाड वळणाला सगळे 'ठोकळा' म्हणतात. संगणकात त्याचं काहीतरी वेगळं नाव आहे, पण ते कोणी घेत नाही. शिरोरेषा फळीइतकी जाड, काना खांबासारखा, वेलांटी वरून दाबून बसवलेली. 'भ' आणि 'थ'च्या पोटातली जागा जवळजवळ बुजलेली. वाढदिवस, सेल, नव्या हॉटेलाचं उद्घाटन, श्रद्धांजली, सगळं त्यातच. तीन-चार शब्दांपलीकडे ते वाचवत नाही, पण तेवढे शब्द धावत्या बसमधूनही वाचता येतात. त्यात 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं तरी हुकूम सोडल्यासारखं वाटतं.

मला हे इतकं ठाऊक आहे, कारण त्या अक्षरात मी एक वाक्य करून घेतलं होतं. त्या वाक्यामुळे एका माणसाबद्दल आमच्या गावात जे बोललं जातं, ते खोटं आहे.

नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावात काही वर्षांपूर्वी शेतातल्या पाण्याच्या मोटारींच्या केबल कापल्या जात होत्या. आतलं तांबं भंगारात जातं. माझीही केबल गेली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसलं की जो तो दुसऱ्याच्या गाडीला अडकवलेल्या पिशवीकडे बघायचा. कोणाच्या घरी नवा फ्रीज आला तरी लोक गप्प होऊन एकमेकांकडे बघायचे. माझा संशय मात्र ठरलेला होता. फाट्यावर एकजण जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. त्याच्या दुकानात तांब्याच्या तारेची भेंडोळी असायचीच, धंदाच तो. पण त्यातलं एक भेंडोळं मला माझं वाटू लागलं. तांब्यावर काही खूण नसते, तरी वाटू लागलं. त्यानं हसून नमस्कार केला की मला वाटायचं, हा आज एवढा का हसतो?

लोकांनी सावध राहावं म्हणून गावानं फ्लेक्स लावायचं ठरवलं आणि मी निवृत्त मास्तर म्हणून मजकूर माझ्याकडे आला. फ्लेक्सचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी तो आधी साध्या अक्षरात दाखवला: 'चोर आपल्यातच आहे'. कोणीतरी हळूच शंका बोलून दाखवावी तसं ते दिसत होतं. मी ठोकळा मागितला. त्यांनी अक्षर बदललं आणि पडद्यावर शंकेचा निकाल झाला. मला ते आवडलं.

फ्लेक्सवर नाव कोणाचंच नव्हतं. कुठं बांधायचा, हेही मलाच विचारलं. मी वाइंडिंगच्या दुकानासमोरची जागा दाखवली. तिथून लांबूनही वाचता येतं, असं म्हणालो, आणि ते खरंही होतं. नाव न लिहिता नाव लिहायची अक्कल माझी.

पुढचं कोणाला सांगावं लागलं नाही. लोक जळालेल्या मोटारी त्याच्या दारावरून आदिलाबादला नेऊ लागले. काही महिन्यांत त्यानं पाटी उतरवली आणि तो गुडीहत्नूरला गेला. गाव म्हणालं, चोर आपणहून पळाला. अजूनही तेच म्हणतं. तो गेल्यावरही केबल कापल्या जातच राहिल्या, पण त्याचा अर्थ कोणी मोठ्यानं सांगितला नाही. मीही नाही.

यंदा मी त्याच फ्लेक्सच्या दुकानात त्याचं नाव घालून नवा मजकूर केला, शेवटी 'चोर नव्हते'. कागदावर नमुना काढून गुडीहत्नूरला गेलो. त्यानं मला खुर्ची दिली. कागद हातभर लांब धरून तो बराच वेळ बघत होता.

"गुरुजी, दुरून पाहा. काय दिसून राह्यलं? माहं नाव, अन् चोर. शेवटचं 'नव्हते' कोन वाचते?"

'नव्हते' अजून मोठं करून घेतो, असं मी म्हणालो.

"मंग लोक म्हणतील, गुरुजीचं अन् याचं काई तरी जमलं."

"मग मी करू काय?"

"तुमचं नाव टाका ना. तवा टाकलं नोतं."

हे म्हणताना त्याचा आवाज चढला नाही. कागदाची घडी करून त्यानं माझ्या हातात दिली आणि पुन्हा कामाला लागला. चहाचं विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही नाही.

'माझा संशय खोटा होता', खाली माझं पूर्ण नाव, सगळं ठोकळ्यात. हा फ्लेक्स फाट्यावर लागला. पहिल्या दिवशी दोघांनी मला विचारलं, गुरुजी, सरपंचकीला उभे राहून राह्यले का? एवढं मोठं नाव त्यांनी दुसऱ्या कशासाठी पाहिलेलं नव्हतं. सुनेच्या माहेरी कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्यानं काही लपवलेलं दिसतं. वाइंडिंगच्या दुकानाची आठवण कोणालाच झाली नाही.

मग माझ्या बांधाला बांध असलेला शेतकरी गाडी थांबवून फ्लेक्ससमोर उभा राहिला. मी टपरीवर होतो. त्यानं मला तिथूनच विचारलं, "गुरुजी, शक होता कोनावर?"

टपरीवरची माणसं ऐकत होती. तेव्हा जे नाव मी लिहिलं नव्हतं, ते मी सगळ्यांदेखत घेतलं. त्यानं काही चोरलं असं मी कधी पाहिलं नव्हतं, हेही सांगितलं. तो आता गुडीहत्नूरला वाइंडिंग करतो, हेही.



"आमाले वाटलं, तुमाले पक्कं ठाऊक होतं," शेतकरी म्हणाला. "नाई तं इतक्या जाड अक्षरात कोन लिवते?"