दहा हजारांतली एक

एका खोलीत दहा हजार माणसे बसवून त्यांतल्या एकालाही पाणी न विचारणारा गृहस्थ उभ्या भंडारा जिल्ह्यात एकच असावा, आणि तो माझा धाकटा मेहुणा आहे. वरठीला स्टेशनमागच्या घरात बसून तो दूरच्या शहरातल्या एका कंपनीचे काम करतो. एखादे संकेतस्थळ लोकांसाठी खुले होण्याआधी ते गर्दी सोसेल की कोसळेल, हे पाहायचे; त्यासाठी त्याचा एकटा संगणक हजारो संगणकांची सोंगे घेतो. प्रत्येक सोंग पान उघडते, अर्ज भरते, पाठवते आणि निघून जाते. माझ्या अल्पमतीस समजले ते इतकेच. 'गर्दी सोडली' की तो पंखा बंद करतो आणि कुजबुजत बोलू लागतो. त्याची बायको कपाळाला हात लावते. "दहा हजार पाहुणे बसवले घरात, अन् हे मलेच म्हणते, हळू बोल!"

इतरांची सोंगे म्हणे कवायतीसारखी एका चालीने चालतात. मेहुण्याला ते मुळीच मान्य नाही. "माणूस अडखळते, भाऊजी. अडखळणंच नाही, तर ते गर्दी कायची?" म्हणून तो माणसांचे अडखळणे गोळा करतो. 'नको नको' म्हणत दुसरी जिलेबी घ्यायला पंगतीत कोणाला किती सेकंद लागले, जवाहरनगरच्या कारखान्याच्या बसमध्ये चढताना कोण पायरीवर उगाच थबकले, हे घड्याळ पाहून वहीत टिपतो आणि ते थबकणे आपल्या एकेका सोंगाला देऊन टाकतो. शेजारच्या म्हातारीने एकदा त्याला हटकले होते, "माहं थांबणं लिहू नको बाप्पा, आयुष्य कमी होते." त्याने तत्काळ क्षमा मागून पान फाडले. म्हातारी पुढे यथाकाल गेली. परंतु तिचे सोंग तोवर गर्दीत मिसळले होते. आजही दर चाचणीत ते चष्मा शोधण्यापुरते थांबते, असे तो मला फार हळू आवाजात सांगतो.

त्याची थोरली बहीण ही माझी पत्नी. तिला जाऊन तीन वर्षे झाली. कोणताही अर्ज ती स्वतः नीटनेटका भरी; फक्त शेवटच्या बटणापाशी थांबून आतल्या खोलीकडे हाक देई, "अहो, पाठवू का?" एकदा तिने शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज भरला होता. मी स्वभावतः भित्रा. "थांब, उद्या पाहू," म्हणालो. उद्या मुदत संपलेली होती. त्याविषयी ती पुन्हा कधी बोलली नाही, हेच मला अधिक लागते. मेहुण्याने तिचे ते थांबणेही वहीत टिपून एका सोंगाला दिले होते, हे मला ठाऊक नव्हते.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी त्याचा फोन आला. "जयभीम भाऊजी. येऊन जा जरा. ताई थांबून राहिली."

मी भंडाऱ्याहून मोटारसायकलीने गेलो. खोलीतला पंखा बंद होता. पडद्यावर दोनच आकडे होते: नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव अर्ज पोचले, एक शिल्लक.

"मी तिले तीनच मिनिटं देल्ली होती," तो म्हणाला. "पाऊण तास झाला. दोनदा तपासून पाह्यलं. कुठंच चूक नाही."

कंपनीचा निरोप येऊन पडला होता: शिल्लक असेल ते बंद करा, अहवाल पाठवा.

"मग बंद कर ना," मी म्हणालो.

"बंद केलं तर तिचा अर्ज राहून जाते, भाऊजी." माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "पुन्हा."

मी किती वेळ अडखळलो, ते सांगू शकत नाही. कारण आयुष्यात प्रथमच मेहुण्याने घड्याळ पाहिले नाही.

"पाठव," मी म्हणालो.

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. पडद्यावरचा 'एक' गेला; दहा हजार अर्ज पोचले.

"नेटवर्क अडलं असन," असे काहीसे पुटपुटत त्याने उठून पंखा लावला. मीही मान डोलावली. आम्ही दोघे शिकलेली माणसे.

तिला गर्दीतून काढून टाक, असे मी त्याला अद्याप सांगितलेले नाही. चाचणी असली की त्याचा दोन शब्दांचा निरोप येतो: "ताई आली." मी हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवतो आणि मोकळ्या घरात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतो, "पाठव."