माहेरचं नाव

‘आत्या, आई गेली,’ एवढंच माझा भाचा फोनवर म्हणाला, आणि मी त्याला विचारलं, ‘जेवली होती का रे?’ असं का विचारलं, माझं मलाच ठाऊक नाही. नव्वदी पार केलेल्या बाईच्या जाण्याचा एवढा काय धक्का, असं लोक म्हणतात. म्हणू देत. आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत ती सून होऊन आली तेव्हा मी परकर-पोलक्यात होते, आणि मला ‘शकू’ म्हणणारं शेवटचं माणूस तेवढं तीच उरली होती. माझ्या लग्नात सासरच्यांनी माझं नाव नीलिमा ठेवलं. सासर, शेजार, बँक, सगळ्यांना मी नीलिमाच. वहिनीनं मात्र ते नाव कधी तोंडात घेतलं नाही. महिना होऊन गेला तिला जाऊन. शकू म्हणून हाक ऐकलेली नाही...

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. दादा संध्याकाळी सभेहून घसा बसवून यायचा आणि खुणांनी चहा मागायचा. त्यातच त्याचं लग्न झालं. वहिनी परळच्या एका इस्पितळात डॉक्टर होती. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या काळी कुठेही घडलं असतं. मूळची ती मालती. दादानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘उमा’ लिहिलं, म्हणजे आईनं सांगितलं तसं लिहिलं. मग गंमत अशी की आई स्वयंपाकघरातून ‘उमा’ म्हणून हाक मारायची आणि वहिनी खुर्चीत वाचत बसलेली असायची. ‘ही बहिरी आहे की माजोरी?’ आई मला विचारायची. ‘अगं, खरंच कळत नाही,’ वहिनी मला हळूच म्हणायची. ‘वाटतं, दुसऱ्या कोणाला तरी बोलावताहेत.’ मी एवढीशी, तरी मला ‘वन्सं’ म्हणायचं असा आईचा दंडक होता. आईसमोर वन्सं आणि गॅलरीत शकू, असा आमचा कारभार चाले.

लग्नाला वर्षसुद्धा झालं नसेल. शहरात गोळीबार झाला, संचारबंदी लागली आणि वहिनी इस्पितळातच अडकली. परत आली ती तीन-चार दिवस रजा टाकून घरातच बसली. काय झालं ते तिनं एकदाच सांगितलं, आईला, डाळिंब्या सोलता सोलता. मी बाजूलाच होते. लालबागमधली एक बाळंतीण तापानं फणफणलेली आणली होती, शुद्ध हरपलेली. बरोबर सासू. तिनं नाव सांगितलं सुलोचना. आधी कधी इथं आली होती का, कुठलं औषध बाधतं का, असं वहिनीनं रीतीप्रमाणे विचारलं. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेली सून, सासूला काय ठाऊक? नाही म्हणाली. सुलोचना या नावाचा जुना कागदही नव्हता. वहिनीनं पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि ती बाळंतीण तिच्या हातात गेली. संचारबंदी सैल झाल्यावर काळाचौकीहून त्या मुलीची आई धावत आली. ‘तिका ती सुई कित्याक दिलास?’ एवढंच ती म्हणत राहिली. ‘हयसरच ती मरता मरता वाचलली.’ कुमारपणी हीच मुलगी याच इस्पितळात आली होती, तेव्हा ती यशोदा होती. तिचा कागद खालच्या खोलीत गठ्ठ्यात बांधलेला होता, आणि त्यावर तांबड्या शाईत लिहिलेलं होतं की पेनिसिलिन देऊ नये.

‘चूक तुझी नाही गं,’ आई म्हणाली. वहिनी म्हणाली, ‘चूक कोणाचीच नाही, आणि बाई मेली.’ मग तिच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेना. आईनं तिच्या पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं, तिचे ओले हात आपल्या पदरानं पुसले आणि म्हणाली, ‘ऊठ मालती, तोंड धू.’ त्या दिवसापासून आमच्या घरात उमा हे नाव कोणी उच्चारलं नाही.

इस्पितळात मात्र वहिनीनं नवं खूळ काढलं. येईल त्या बाईला ती माहेरचं नाव विचारायची आणि कागदावर ठळक लिहायची. ‘डॉक्टरीणबाई, वधूवर सूचक मंडळ काढताय का?’ असं तिला बरोबरचे डॉक्टर चिडवत. ती हसून सोडून द्यायची आणि पुढच्या बाईला पुन्हा विचारायची. मलाही तिच्या हातचं औषध एकदा भोवलं. अंगावर गळवं उठली म्हणून ती मला परळला घेऊन गेली, तिथल्या गोळ्यांनी माझ्या तोंडाचा भोपळा झाला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातली माझी राजकन्या दुसरीनंच केली. त्याचा राग मी कित्येक वर्षं धरला. गोळ्या कसल्या होत्या ते मात्र विसरून गेले. असं माझं डोकं.

निवृत्त झाल्यावर बायका नातवंडं सांभाळतात. वहिनी सत्तरीत संगणक शिकली. इस्पितळाचे कागद संगणकात भरायचे, आणि एकाच माणसाच्या जुन्या-नव्या नोंदी जुळवून त्यातून औषधोपचार सुधारता येतो का ते बघायचं, असं एक संशोधन तिथं सुरू झालं होतं. ही आपण होऊन तिथं जाऊन बसली. काम करणारी पोरं हुशार होती. नाव, जन्मतारीख, पत्ता जुळला की माणूस सापडला, असा त्यांचा हिशेब. वहिनी त्यांना म्हणाली, ‘तुमचं यंत्र हुशार आहे रे, पण त्याला लग्न लागलेलं कळत नाही. आमच्याकडे बाईचं एका दिवसात नाव बदलतं, आडनाव बदलतं, पत्ता बदलतो. आणि जन्मतारीख? ती आमच्या वेळी शाळेचे मास्तर ठरवायचे.’ पोरांनी तिच्या समाधानासाठी माहेरच्या नावाचा एक रकाना वाढवला. मग जुन्या कागदांतल्या बायका सासरच्या बायकांना येऊन मिळायला लागल्या, आणि पोरं वहिनीची खुर्ची पंख्याखाली ठेवायला लागली. कागदावर कोणाला काही बाधल्याची नोंद असली, तर औषध लिहिताना डॉक्टरसमोर आपोआप लाल पट्टी यायची. ‘त्या वेळी ही पट्टी असती तर...’ असं ती एकदा माझ्यापाशी म्हणाली. एखादी बाई माहेरचं नाव सांगायला तयार नसली, तर तिला छेडायचं नाही, असंही तिनं त्यांना बजावलं होतं. कोण कशी घर सोडून आलेली असते, आपल्याला काय माहीत, म्हणायची.

गेल्या आठवड्यात मी त्याच इस्पितळात गेले. डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तो काढायचा आहे. वहिनी असती तर बरोबर आली असती आणि डॉक्टरांना नको नको ते प्रश्न विचारून मला लाज आणली असती. खिडकीपाशी साधारण पन्नाशीची, चष्मा लावलेली बाई होती. मी नाव सांगितलं, नीलिमा. तिनं टाइप केलं आणि मान वर न करता विचारलं, ‘माहेरचं नाव?’

काउंटरला धरून उभी राहिले आणि सांगितलं. तिनं बटणं दाबली आणि पडद्याकडे निरखून पाहिलं. ‘आजी, तुम्ही लहानपणी इथं आला होतात का? सल्फाच्या गोळ्या बाधल्या होत्या?’ त्या भोपळ्याएवढ्या तोंडाचा कागद वहिनीनं कुठल्या गठ्ठ्यातून शोधला, कधी बसून भरला, मला एका शब्दानं बोलली नव्हती. ‘काय लिहिलंय ते वाचून दाखवा ना,’ मी म्हटलं, ‘मला दिसत नाही.’

‘शकुंतला ऊर्फ शकू,’ तिनं वाचलं. ‘सल्फा देऊ नये.’

मी म्हटलं, ‘पुन्हा एकदा वाचा.’